भागोजीचा दुधी पास्ता

भागोजीला कोणी स्वयंपाकी म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. "कुक," तो म्हणतो, "कॉन्टिनेन्टल कुक." पोलादपूरच्या वर, जिथे डांबर संपून लाल मातीचा चढ लागतो, तिथे त्याची वाडी आहे. त्या वाडीत कॉन्टिनेन्टल म्हणजे काय हे कोणी विचारायला जात नाही. तरी हा सांगतो. कित्येक वर्षं सांगतोय आणि मी ऐकून ऐकून विटलोय.

मी नागसेन. त्याच्या वाडीखालच्या बौद्धवाडीतला. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो आणि गुरुजींच्या छड्या निम्म्या-निम्म्या खाल्ल्या. पुढे मी एसटीत लागलो, महाड स्टँडवर जन्मभर माइकवरून गाड्या पुकारल्या, आणि निवृत्त झाल्यावर महाडातच राहिलो. सकाळी चवदार तळ्याकडे फिरून येतो, पेपर वाचतो, आणि वाचताना कोणी मध्ये बोललं तर भडकतो. बायको म्हणते, माइक गेला पण ओरडणं काही गेलं नाही. असेल. मला गुळगुळीत बोलता येत नाही आणि या वयात शिकायचंही नाही.

भागोजी दहावी नापास होऊन मुंबईला गेला. एका उडप्याकडे भांडी घासली, मग कांदे कापले, मग दुसरं हॉटेल, तिसरं हॉटेल, आणि शेवटी वांद्र्याला समुद्राजवळच्या एका बड्या हॉटेलात पास्त्याच्या शेगडीपुढे उभा राहिला. तिथेच त्याचे केस पांढरे झाले. मैद्याच्या नळ्या, मैद्याच्या शेवया, मैद्याची फुलपाखरं. "अरे, फुलपाखरं कोण खातं?" मी विचारायचो. "तुला नाय कळायचं रे," तो म्हणायचा. गणपतीला, शिमग्याला घरी यायचा तेव्हा मात्र चुलीकडे फिरकायचा नाही. मी सुट्टीवर हाय, म्हणायचा, आणि ओटीवर लोळून बायकोकडे चहा मागायचा.

बायको म्हणजे तुळसावहिनी. हा तिकडे फुलपाखरं उकडत होता तेव्हा या बाईने इथे सासू सांभाळली, भात लावला, भात कापला, लेकीला, सेजलला, वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. कधी तक्रार नाही. आणि हाच तिचा मोठा दुर्गुण, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा लाकडं फोडताना कुऱ्हाड निसटून पायावर आली. रक्ताची धार लागलेली, आणि बाई मला म्हणते, "काय नाय भावजी, बसा, च्या ठेवते." अशा माणसांचा मला संताप येतो. त्यांचं कुठे दुखतंय हे कळायला दुसऱ्याने काय ज्योतिषी व्हायचं?

करोनात ते हॉटेल बंद पडलं आणि भागोजी कायमचा घरी आला. त्यानंतर दोनेक वर्षांनी वहिनींचं दुखणं बाहेर पडलं. म्हणजे दुखणं आधीपासूनच होतं, आम्हाला कळलं ते तेव्हा. गर्भाशयाची पिशवी खराब झाली होती. रक्त जायचं, जातच राहायचं. उन्हाळ्यात एकदा वहिनी विहिरीवर चक्कर येऊन पडल्या तेव्हा शेजारणींनी उचलून आणलं आणि भागोजीने महाडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पिशवी काढावी लागणार होती. पण वहिनींना शुगर निघाली, तीही भलतीच वर. अंगही सुटलेलं. "साखर उतरल्याशिवाय आणि वजन कमी झाल्याशिवाय मी सुरीला हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. मग भागोजीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आणि फार उशीरही करू नका. शरीर थांबायचं नाही."

तिथून हा थेट माझ्या घरी आला. पाणी दिलं तर प्यायला नाही.  मी म्हटलं, "अरे, बोल की काहीतरी."

"भात सोडायला सांगितलाय तिला," तो म्हणाला. "तुळसाला. भात."

 तुळसावहिनींना भात म्हणजे जीव. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. त्या भातावरच त्या एवढी वर्षं राबल्या होत्या. दोन-चार दिवस भाताशिवाय काढले, मग हातपाय कापायला लागले, आणि कोणाचं लक्ष नसताना शिळा भात खाऊन घेतला. भागोजीने पकडलं तेव्हा "काय नाय, म्हशीला काढत व्हते" असं सांगितलं. ओठाला शीत लागलेलं.

आणि मग एके दिवशी भागोजीच्या डोक्यात ते आलं. त्याने मला फोन करून एवढ्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या खोलीत बायकोलाही ऐकू गेलं. "नागसेना, हॉटेलात बायका यायच्या बघ. बारीक. त्यांना पास्ता पायजे, पण पास्ता नको. म्हंजे ताटात पास्ता दिसला पायजे, पोटात मैदा नको. आमी झुकिनीच्या शेवया पाडून द्यायचो. झुकिनी म्हंजे काकडीची भैन. तवा मी हसायचो रे त्यांना. पोटभर खायाचं न कॅलरी नाय. तुळसाला तेच पायजे! मी करून घालतो."

"तू?" मी म्हटलं. "तू घरात चहा तरी केलास का कधी?"

"म्हनूनच," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

सेजलने मुंबईहून ते यंत्र पाठवलं. पेन्सिलीला टोक करायचं असतं ना, त्याचा थोरला भाऊ. भाजी घुसवायची, फिरवायची, पलीकडून लांबच लांब दोरे निघतात. वाडीतल्या बायका बघायला आल्या. "अवो, ही तर कुरडई!" एक म्हणाली. "कुरडई नाय, पास्ता," भागोजी गुरगुरला. पहिल्या दिवशी त्याने तवश्याच्या, म्हणजे मोठ्या काकडीच्या, शेवया पाडल्या. त्यांचं नुसतं पाणी झालं. मग गाजर, मग कच्ची पपई, मग पडवळ. शेवटी दुधी जमला. कोवळा दुधी, बिया टाकून, शेवया पाडून घट्ट पिळायच्या, तापल्या कढईत लसणावर जेमतेम परतायच्या, दाताखाली कच्च्या राहिल्या पाहिजेत, वर टोमॅटोचा रस. त्याच्या हॉटेलात वर घालायच्या त्या परदेशी पाल्याऐवजी परसातला पानओवा चुरडून. पिळलेलं पाणीही फेकायचं नाही, लिंबू मारून वहिनींना पेला भरून द्यायचं. साखरेला चांगलं असतं, असं त्याच्या मोबाइलवर आलं होतं.

मी खाल्लाय तो. खोटं कशाला बोलू, छान होता.

पण मला काय वाटतं यापेक्षा वहिनींचं बघण्यासारखं होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या बाईला कोणी बसवून वाढलं नव्हतं. आता हा ढेरपोट्या माणूस कमरेला पंचा लावून ताट पुढे ठेवायचा, समोर उकिडवा बसायचा, आणि विचारायचा, "कसा झालाय गो?" वहिनी आधी लाजायच्या. मग हसायच्या. "पाश्टा बेस झालाय," म्हणायच्या. पास्ता म्हणता यायचं नाही, पाश्टा म्हणायच्या. भात मागेनाशा झाल्या. महिन्यामागून महिना साखर खाली यायला लागली, गालफडं दिसायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू द्या, गणपती झाले की ऑपरेशन करू. भागोजीने स्टँडवर पेढे वाटले. ज्यांना गोड चालत नाही त्यांनाही दिले.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. म्हणून तर मला भीती वाटत होती.

पाऊस त्या साली आषाढापासूनच सुटला होता. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून आमच्याकडे डोंगराखालची माणसं पावसात धड झोपत नाहीत. भागोजीच्या वाडीवरच्या डोंगराला भेग पडली होती, त्यात पोरं दगड टाकून खोली बघायची. तहसीलवाले येऊन सांगून गेले, जोर वाढला तर खालच्या शाळेत जा. रोज सकाळी वाडी उठली की आधी वर बघायची. मी गेलो की मीही आधी वरच बघायचो. आम्हा सगळ्यांच्या माना डोंगराकडे लागलेल्या, आणि घात मात्र परसात वाढत होता.

तो वेल मला पहिल्यापासून आवडला नव्हता. भागोजीच्या गोठ्यामागे, शेणाच्या उकिरड्याच्या कडेला, आपोआप उगवलेला. दुधीचाच वेल, पण एवढा माजलेला मी पाहिला नाही. पंधरवड्यात गोठ्याच्या पत्र्यावर चढला, तिथून कुंपणावर. कुंपणापलीकडे शेजारच्या महिपतने कडू भोपळ्याचा वेल ठेवला होता, वाळवून नदीत पोहायला तुंबे करतात ना, ते. दोन्ही वेल एकमेकांत असे गुंतले की कुठला कोणाचा कळेना. "हा मी लावला नाय हो," वहिनी म्हणाल्या. "बी कुठनं आलं कोनाला ठाव."

"देवानं धाडलंय," भागोजी म्हणाला. "तुझ्या पथ्याला." लावलेल्या वेलाचे दुधी पावसाने कुजले होते, त्यामुळे त्याला याचं कौतुक फार. पहिला दुधी लागला तेव्हा रोज जाऊन बोटाने दाबून बघायचा.

आमच्याकडे बायका दुधी असो, शिराळं असो, काकडी असो, चिरताना पहिली चकती जिभेला लावतात. हे कोणी शिकवत नाही, आई करते म्हणून मुलगी करते. वहिनीही जन्मभर करत आल्या. पण आता चुलीवर भागोजीचं राज्य होतं आणि वहिनींना आत यायला बंदी. त्याच्या हॉटेलात भाजी खोक्यातून यायची, सगळी एकसारखी, कडू कधी निघायची नाही. कच्ची चकती चाखायची त्याला सवयच नव्हती. तो चाखायचा ते झाल्यावर, पळीतून, डोळे मिटून. तेवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

पण श्रावण लागला.

वहिनींचे श्रावणी सोमवार सासूच्या वेळपासूनचे. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, उपास अजिबात नाही, साखर एकदम खाली गेली तर जीवाशी येईल. वहिनी घरी येऊन रडल्या. कुऱ्हाडीला न रडलेली बाई सोमवार मोडणार म्हणून रडली. भागोजी म्हणाला, "रडू नको गो. तुझे सोमवार मी करतो." आणि खरंच धरले. जो माणूस मुंबईत एकादशीला बोंबील खायचा, त्याने सकाळपासून पाण्यावर राहायचं आणि दिवेलागणीला सोडायचं असं चालवलं. मिठाचा कण तोंडात नाही. मी म्हटलं, "मग स्वयंपाक चाखतोस कसा?" तर बोटं माझ्यापुढे नाचवून म्हणाला, "हाताला अंदाज हाय. चाखतात ते शिकाऊ."

त्या सोमवारी मी वहिनींच्या गोळ्या घेऊन महाडहून माझ्या व्हॅनने वर गेलो. पाऊस नुसता ओतत होता. चढावर एका वळणाला माती रस्त्यावर आली होती, तिला वळसा घालून कसाबसा पोचलो. घरात शिरलो तर वहिनी जेवायला बसलेल्या आणि भागोजी समोर उकिडवा, उपाशी, खुशीत.

"ये रे ये," तो म्हणाला. "देवाच्या वेलाचा पहिला दुधी. एवढा मोठा निघाला बघ. तुझं पन पान मांडतो."

ताटात हिरव्यापांढऱ्या शेवयांचा ढीग, त्यावर लाल रस, पानओव्याचा वास सगळ्या घरभर. शेजारी पिळलेल्या पाण्याचा रिकामा पेला. वहिनींनी एक घास घेतला होता. त्या चावता चावता थांबल्या. अगदी क्षणभर. मी बघत होतो म्हणून दिसलं.

"कसा झालाय गो?" भागोजीने विचारलं.

वहिनींनी गिळलं. "बेस झालाय," त्या म्हणाल्या.

भागोजीने माझ्यासाठी ताट घेतलं आणि कढईकडे वळला. तशा वहिनी एकदम म्हणाल्या, "भावजींना पिठलं-भाकर द्या. हे माज्या पथ्याचं हाय. मलाच लागंल." असं त्या कधी बोलायच्या नाहीत. पाहुण्याला आधी, मग आपण, हा त्यांचा जन्माचा नियम. मी मनात म्हटलं, बाईला गोडी लागली की. भागोजी तर हरखून गेला. वहिनींनी ताट संपवलं. मग म्हणाल्या, "आजून हाय?" त्याने संध्याकाळी उपास सोडायला स्वतःसाठी थोडं काढून ठेवलं होतं, तेही वाढलं. वहिनींनी तेही खाल्लं. कढई पुसून घेतली. भागोजी माझ्याकडे असा बघत होता, जणू त्याला कोणी बक्षीस दिलं होतं.

पिठलं-भाकरी खाऊन मी हात धुतो न धुतो तोच वहिनी पडवीत जाऊन ओकल्या. आधी आम्हाला काही वाटलं नाही. मग थांबेचना. मग जुलाब. घटकाभरात त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, आणि चौथ्या की पाचव्या वेळी ओकारीत लाल दिसलं. भागोजी म्हणाला, "टमाटं हाय ते." मी म्हटलं, "टमाटं नाही रे गाढवा, रक्त आहे. उचल."

व्हॅनमध्ये मागच्या बाकावर त्यांना आडवं केलं. भागोजी घराला कडी घालायला आणि चादर आणायला परत पळाला. मी स्टेअरिंगवर बसलो तर मागून माझ्या शर्टाला हात लागला.

"भावजी."

"बोलू नका वहिनी. पडून राहा."

"दुधी कडू व्हता."

मी वळून बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते.

"जहर कडू. पन त्यास्नी सांगू नका. कडू साखरेला बरं असतंय, मी म्हटलं जाऊ दे. त्यांनी किती केलंय माझं. माज्या गळ्याची शपथ हाय तुमाला. सांगू नका."

हे ऐकून मी भडकायला हवं होतं. भडकायला वेळच नव्हता. भागोजी चादर घेऊन धावत आला, बसला, बायकोचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मी गाडी सोडली.

मी शपथ-बिपथ मानत नाही. आमच्या घरात हे असलं काही कधी नव्हतं. पण याच मातीत वाढलोय. गळ्याची शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची त्याचा जीव जातो, हे लहानपणी इतक्या तोंडून ऐकलंय की कुठेतरी आत बसलेलं असतं. घाट उतरताना ते सारखं डोकं वर काढत होतं. वळणावरची माती आणखी सरकली होती, एक चाक अगदी कडेला घालून गाडी काढली. मागे भागोजी एकच बोलत होता, "काय नाय होत गो, काय नाय होत." 

डॉक्टरीणबाईंनी त्यांना लगेच आत घेतलं. नाडी लागत नव्हती, रक्तदाब खाली, हातपाय गार. सलाईन लावायची घाई चालली असतानाच त्यांनी विचारलं, "काय खाल्लं?"

"दुधी," भागोजी म्हणाला. "घरचा. ताजा. मी केलेला."

बाई थबकल्या. "कडू होता?"

"नाय हो."

"तुम्ही चाखला?"

 "माझा... उपास व्हता. पन हिनं दोनदा मागून घेतला. कडू असता तर घेतला असता काय?"

बाईंनी वहिनींच्या कानाशी वाकून विचारलं, "तुळसाबाई, दुधी कडू होता का?"

वहिनींनी मान हलवली. "ग्वाड व्हता," त्या म्हणाल्या. इतकं बारीक की ओठांवरूनच कळलं.

मग बाईंनी माझ्याकडे वळून खालच्या आवाजात विचारलं, घरात फवारणीचं औषध आहे का, अळंबी वगैरे काही खाल्ली का, नवराबायकोचं काही वाजलं होतं का. मला कळलं त्यांना काय वाटतंय. वहिनींनी औषध प्यायलं असं त्यांना वाटत होतं. नर्सला त्यांनी पोट धुवायची नळी आणायला सांगितली. भागोजी ते "वाजलं होतं का" ऐकून पांढराफटक पडला होता.

मी वहिनींकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. डोळ्यांनी सांगत होत्या, नको. इतक्या खोल गेलेल्या डोळ्यांनी, तरी सांगतच होत्या.  बोललो तर यांचा जीव जाईल असं आत कोणीतरी म्हणत होतं, आणि नाही बोललो तर जाईलच हे समोर दिसत होतं.

"कडू होता!" मी ओरडलो. स्टँडवर ओरडायचो तसा. बाहेर बाकावर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. "जहर कडू होता! मला स्वतः सांगितलंय यांनी गाडीत! पेलाभर रसही प्यायल्यात! आणि सगळी कढई खाल्लीय, ह्याला कळू नये म्हणून!"

बाईंनी नळी घेऊन येणाऱ्या नर्सचा हात धरला. "नळी नको. आतून सोलवटलं असेल सगळं. दुसऱ्या हाताला पण सलाईन लावा. रक्ताची सोय करा, आत्ता." मग आम्हाला बाहेर काढलं आणि दार लागलं.

बाहेर भागोजी भिंतीला टेकून खाली बसला. मी शेजारी बसलो.  मला वाटलं, हा आता मला काहीतरी बोलेल, शिवी देईल, माझी गचांडी धरेल. तो म्हणाला, "मी इचारलं होतं रे तिला. तोंडासमोर बसून इचारलं होतं." आणि पुन्हा तेच म्हणाला. मग सेजलचा फोन आला तेव्हा तो त्याला घेता येईना, म्हणून मी घेतला.

वहिनी वाचल्या. सहज वाचल्या असं म्हणणार नाही. बाईंनी नंतर सांगितलं, असा आपोआप उगवलेला वेल कधी कधी विषारी फळ धरतो, दिसायला इतरांसारखंच. कडू लागलं की थुंकायचं, एवढाच उपाय. दुसरं कोणी असतं तर एक घास थुंकून ताट बाजूला सारलं असतं. वहिनींना शुद्ध आली, पाणी पोटात ठरायला लागलं, तेव्हा मी भेटायला गेलो. मला बघून तोंड भिंतीकडे केलं.

"शपथ मोडलीत, भावजी."

"मोडली," मी म्हटलं. "मेलात का?"

"आजून नाय," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं नाही.

अशक्तपणा फार आला होता, ऑपरेशन पुढे ढकललं. आणि पथ्य पुन्हा सुरू. भात नाहीच. साखर तशीच उतरवत ठेवायची, कारण पिशवीचं दुखणं काही या भानगडीत बरं झालेलं नव्हतं, ते आपल्या गतीने चाललंच होतं. भागोजीने तो वेल मुळासकट उपटून जाळला, महिपतचाही जाळला, त्यावरून भांडण झालं. आता तो प्रत्येक भाजीची प्रत्येक चकती चाखतो. यंत्रात घालायच्या आधी कच्ची, परतल्यावर पुन्हा, वाढताना पुन्हा. सोमवार सोडून दिले. 

गणपती गेल्यावर मी वर गेलो होतो. ऊन पडलं होतं, डोंगरावरची भेग गवताने झाकली होती. वहिनी ओटीवर भिंतीला टेकून बसलेल्या, हाडं दिसणाऱ्या. भागोजी आत पडवळाच्या शेवया परतत होता. मी चुलीपाशी जाऊन बसलो. त्याने एक शेवई तोंडात टाकली, चावली, मला खूण केली आणि कुजबुजला, "मीठ घातलं नाय."

"मग घाल की."

"मुद्दाम नाय घातलं. चिमूटभर पन नाय."

"का रे?"

त्याने शेवया ताटात वाढल्या. ताट घेऊन बाहेर गेला. मी दारातून बघत होतो. त्याने ताट पुढे ठेवलं, पूर्वीसारखा समोर उकिडवा बसला. वहिनींनी घास घेतला. नीट चावला.

"कसं झालंय गो?"

"बेस झालंय," वहिनी म्हणाल्या, आणि हसल्या. "मिठाला अगदी बरोबर."

 भागोजी उठला, आत आला, चुलीपुढे माझ्याशेजारी बसला. मला वाटलं रडेल. पण डोळे कोरडे होते आणि तेच मला बघवेना.

"नागसेना," तो म्हणाला, "ही मरंल रे. माज्या हातचं खाऊन मरंल, न मला कळायचं पन नाय."

जन्मभर ओरडलेला माणूस मी. मिठाचा डबा तेवढा त्याच्यापुढे सरकवला.

बाहेरून वहिनींची हाक आली, "अवो, आजून थोडं वाढता काय?"